गटारीनंतरचे चार दिवस

आषाढ अमावास्येच्या रात्री पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बाटलीला हात लावायचा नाही, हा नेम महाराष्ट्रात पुष्कळ जण पाळतात. महिन्यातून दोन-चार वेळा घेणाऱ्याला याने काही होत नाही, झाला तर फायदाच होतो. पण जो रोज घेतो, त्यातही सकाळी हात स्थिर व्हायला ज्याला घोटभर लागते, तो असा एका रात्रीत थांबला तर श्रावणाचे पहिले चार दिवस त्याच्या जिवावर बेतू शकतात. दारूने लिव्हर जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारू अचानक बंद केल्याने माणूस दगावू शकतो, हे मात्र घरच्यांना बहुतेक वेळा आयसीयूच्या दाराशी कळतं. गर्द (हेरॉइन) सोडताना हाल फार होतात, पण धडधाकट माणूस त्यात सहसा मरत नाही. दारूचं तसं नाही, आणि त्याचं कारण मेंदूतल्या रसायनांत आहे.

आधी हिशेब करू. क्वार्टर म्हणजे १८० मिली, लेबलवर ४२.८ टक्के. त्यात ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ६१ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम. म्हणजे ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा रोज दोन बाटल्या पीत असेल तर तो क्वार्टरवाल्याच्या पुढे आहे. हातभट्टीला लेबलच नसतं, तिथे अंदाज बांधायचा तो जास्तीचाच. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळतं. रोज पिणाऱ्याचं लिव्हर सरावलेलं असतं, ते याहून वेगाने काम उरकतं. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर म्हणूनच पहाटे-सकाळी रक्तातून जवळपास गेलेली असते. हात थरथरण्याची वेळ नेमकी सकाळची का, याचं उत्तर एवढं साधं आहे. आणि त्रास सुरू व्हायला दारू पूर्ण संपावी लागत नाही. मुरलेल्या शरीराला पातळी घसरू लागली एवढंच पुरतं, त्यामुळे तोंडाला वास येत असतानाही माणूस थरथरत असू शकतो.

आता मेंदूकडे. गाबा हे मेंदूतलं मुख्य शामक रसायन. चेतापेशीवरच्या गाबा-ए रिसेप्टरला ते चिकटलं की तिथली वाट उघडते, क्लोराइड आत शिरतं आणि त्या पेशीला पुढे संदेश पाठवणं अवघड होतं. ग्लुटामेट याच्या उलट काम करतं. त्याच्या एनएमडीए रिसेप्टरमधून कॅल्शियम आत येतं आणि पेशी उत्तेजित होते. दारू एकाच वेळी दोन्हीकडे हात घालते: गाबाचा परिणाम वाढवते, ग्लुटामेटचा दाबते. पहिल्या पेगला जीभ सैल होणं, तिसऱ्या-चौथ्याला तोल जाणं, आणि फार झाली की आदल्या रात्रीचं काहीच न आठवणं हे सगळं त्यातून येतं. शेवटची गोष्ट विशेषतः एनएमडीए दबल्यामुळे होते. आठवण पक्की व्हायला हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात हेच रिसेप्टर लागतात.

रोज पीत राहिलं तर मेंदू गप्प बसत नाही. गाबा-ए रिसेप्टरपैकी काही पेशीच्या आत ओढून घेतले जातात. उरलेल्यांची घडण बदलते: अल्फा-१ हा घटक कमी होतो, अल्फा-४ वाढतो, आणि असा बदललेला रिसेप्टर दारूला आणि शामक औषधांनाही पूर्वीइतकी दाद देत नाही. दुसऱ्या बाजूला एनएमडीए रिसेप्टर वाढतात, कॅल्शियमच्या वाटाही वाढतात. बंद दारावर खांद्याने जोर लावून उभ्या असलेल्या माणसासारखी मेंदूची स्थिती होते. पलीकडून दारूचा दाब आहे तोवर दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि माणूस ‘नॉर्मल’ वाटतो. पलीकडचा दाब अचानक काढून घेतला की हा आपल्याच जोराने तोंडावर आपटतो. विथड्रॉवलमध्ये, म्हणजे दारू तोडल्यावरच्या त्रासात, जे दिसतं ते दारूचं विष नव्हे. दारूशी झुंजायला मेंदूने उभं केलेलं बळ आता मोकळं सुटलेलं असतं.

याच कारणाने ‘याला कितीही पाजा, चढत नाही’ हे कौतुक मला काळजीचं वाटतं. दारू पचत नसते, मेंदू तिच्याविरुद्ध तितका सरकलेला असतो. नवख्याला ज्या पातळीला शुद्ध राहणार नाही, त्या पातळीला मुरलेला माणूस चालत घरी येतो. सोडताना सर्वात जास्त धोका याच माणसाला.

डोपामीनबद्दल लोक बरंच वाचतात, म्हणून थोडक्यात. दारूने मेंदूतली एंडॉर्फिन्स सुटतात, त्यांच्यामार्फत न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या भागात डोपामीन वाढतं आणि ‘पुन्हा हवी’ हे शिकवलं जातं. बंद केल्यावर तिथलं डोपामीन नेहमीच्याही खाली जातं. पहिल्या आठवड्यांतली उदासी, कशातच रस नसणं, चिडचिड यांत त्याचा वाटा मोठा आहे. पण जीव डोपामीन घेत नाही, तो गाबा-ग्लुटामेटचा बिघडलेला तोल घेतो.

शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांत सुरुवात होते. हाताला कंप, घाम, छातीत धडधड, मळमळ, रिकाम्या उलट्या, झोप उडणं, विनाकारण भीती. मेंदूच्या बुंध्यातून नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटत असतं, त्यामुळे नाडी शंभरच्या वर जाते आणि बीपीही चढतं. कंप पाहायची सोपी रीत अशी: दोन्ही हात समोर सरळ करून बोटं फाकवायला सांगा. दिसत नसेल तर आपल्या बोटांची टोकं त्याच्या बोटांच्या टोकांना लावा, डोळ्यांना न दिसणारा कंप हाताला कळतो. हात खाली असतानाही थरथर दिसत असेल तर ती तीव्र समजायची.

बारा ते चोवीस तासांत काहींना भास होतात. कानात कुणी बोलतं, भिंतीवर किडे दिसतात, कातडीखाली मुंग्या फिरतात. या टप्प्यावर माणूस भानावर असतो. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, समोर कोण बसलंय हे बरोबर सांगतो. काही जण तर ‘हे खरं नाही, मला कळतंय’ असंही म्हणतात.

सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. अंग ताठ होऊन झटके येणारी ही मोठी फिट असते, आणि तिच्याआधी कसली सूचना मिळेलच असं नाही. अशी फिट आली आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण तिघांतला एक पुढे डेलिरियम ट्रेमेन्समध्ये, म्हणजे भान हरपलेल्या भ्रमाच्या अवस्थेत जातो. ते येतं दुसरा दिवस सरल्यावर, ४८ ते ९६ तासांत. म्हणजे ‘दोन दिवस काढले, आता सुटलो’ असं घर म्हणत असतं तेव्हा.

डेलिरियम एकदा पाहिलं की पुन्हा ओळखायला चूक होत नाही. माणूस वेळ-काळ विसरतो, बायकोला बहीण म्हणतो, दवाखान्याला एसटी स्टँड समजतो. चादरीवरचं काहीतरी सतत वेचत राहतो. हात रोजचं काम करू लागतात: शिंपी हवेत सुई ओवतो, ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवून गिअर टाकतो, गवंडी थापी मारतो. अंग तापतं, घामाने कपडे भिजतात, नाडी धावते. संध्याकाळी आणि रात्री सगळं वाढतं. दारू सोडणाऱ्या व्यसनी रुग्णांपैकी साधारण पाच टक्क्यांपर्यंत लोक इथवर पोचतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात. न मिळाले तर ताप, पाणी कमी होणं, हृदयाची बिघडलेली लय किंवा न्यूमोनिया यांतलं काहीतरी घात करतं.

याच अवस्थेत घरचे म्हणतात, ‘बाहेरचं झालंय.’ श्रावण असतो, माणसाने नुकतीच शपथ घेतलेली असते किंवा माळ घातलेली असते, आणि तो नसलेल्या माणसांशी बोलतोय. देवऋषीकडे जाणं, खोलीत कोंडणं, खाटेला बांधून ठेवणं यांत जे चोवीस तास जातात तेच मोलाचे असतात. बांधलेला माणूस जोर लावत राहतो, अंग आणखी तापतं, स्नायू फाटून किडनीवर ताण येतो. श्रद्धेला माझा विरोध नाही. पूजा घरात चालू द्या, माणूस मात्र दवाखान्यात हलवा. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका येते.

काही डॉक्टर पूर्वी मानत की हे सगळं कुपोषणाने होतं. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या व्यसनमुक्ती रुग्णालयात प्रकृती चांगली असलेल्या १० माणसांना चांगला आहार आणि जीवनसत्त्वं देत रोज दारू पाजली गेली आणि मग ती एकदम तोडली. ज्यांनी सात आठवडे किंवा जास्त काळ प्यायली होती त्यांच्यात फिट्स आणि भ्रम दिसले. आज असा प्रयोग कुठलीही नैतिक समिती मंजूर करणार नाही, आणि तेच योग्य आहे. पण अचानक तोडणं हेच कारण आहे, हे त्यातून ठरलं. २०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊनमध्ये देशभर दुकानं एका दिवसात बंद झाली तेव्हा तेच मोठ्या प्रमाणावर घडलं. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी फिट आणि डेलिरियमचे रुग्ण वाढल्याची नोंद त्याच वर्षी प्रसिद्ध केली.

दरवर्षी श्रावण पाळणाऱ्यांसाठी इथे एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, आणि या लेखातली मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. ‘मागच्या वर्षी सोडली होती, थोडी थरथर झाली, बाकी काही नाही’ हा भरवसा चुकीचा आहे. प्रत्येक वेळी अचानक सोडणं आणि पुन्हा सुरू करणं याने मेंदू पुढच्या वेळी जास्त भडकायला शिकतो. एका वर्षी फक्त कंप, नंतर कधीतरी फिट, त्यानंतर डेलिरियम असा चढ दिसतो. बॅलेंजर आणि पोस्ट या संशोधकांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली, तिला किंडलिंग म्हणतात. दर विथड्रॉवलमध्ये ग्लुटामेटचा जो लोंढा येतो तो पेशींना इजा करतो आणि फिट येण्याची मर्यादा खाली आणतो. म्हणून ज्याला पूर्वी एकदा जरी अशी फिट आली आहे, त्याने घरी सोडण्याचा विचारही करू नये. साठी ओलांडलेले, लिव्हर किंवा हृदयाचा आजार असलेले, सोबत झोपेच्या गोळ्या घेणारे, आणि जवळ चोवीस तास माणूस नसलेले यांनाही हेच लागू.

नेम धरायचा असेल तर तो आषाढातच डॉक्टरकडे सुरू करावा. तपासणीत लिव्हर, साखर, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बघतात. मग बेन्झोडायझेपिन गटातलं औषध देतात, बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. ही औषधं त्याच गाबा-ए रिसेप्टरवर, पण वेगळ्या जागी बसून काम करतात. दारूने सोडलेली जागा ती तात्पुरती धरून ठेवतात आणि मेंदूला परत जुळवून घ्यायला वेळ देतात. शरीरातून सावकाश बाहेर पडत असल्याने त्यांचा परिणाम आपोआप उतरता राहतो. पहिल्या दिवशी डोस सर्वात जास्त, मग रोज पाचवा हिस्सा कमी करत पाच ते सात दिवसांत बंद. लिव्हर फार खराब असेल तर ही दोन्ही साचतात, तेव्हा लोराझेपाम निवडतात. १९६९ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ५३७ रुग्णांवर वेगवेगळी औषधं तपासली गेली, त्यात फिट आणि डेलिरियम क्लोरडायझेपॉक्साइडवर सर्वात कमी दिसले.

चुका ठरलेल्या आहेत. मेडिकलमधून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर गोळी आणायची आणि वर दारूही घ्यायची, यात श्वास मंदावून माणूस झोपेतच जातो. कंपासाठी नुसती प्रोप्रॅनोलॉल दिली तर नाडी आणि थरथर खाली येते, पण मेंदूतला भडका तसाच राहतो आणि धोक्याची खूण तेवढी पुसली जाते. आरडाओरडा करतो म्हणून एकटं हॅलोपेरिडॉल टोचलं तर फिटची शक्यता वाढते, ते बेन्झोडायझेपिनच्या जोडीने द्यायचं असतं. दारू सोडताना आलेल्या फिटसाठी वर्षानुवर्षं एप्टॉइन, म्हणजे फेनिटॉइन, खाणारे पुष्कळ आहेत. फेनिटॉइन या प्रकारच्या फिट रोखत नाही. अर्थात फिटचं दुसरं काही कारण नाही हे डॉक्टरने पाहिल्याशिवाय ती गोळी स्वतःहून बंद करू नये.

घरात फिट आली तर कांदा, चप्पल, किल्ल्या यांतलं काही करू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पहिली फिट असेल, पाच मिनिटांवर चालली असेल किंवा पाठोपाठ दुसरी आली असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आता सलाईनबद्दल. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ ही मागणी आपल्याकडे सर्रास असते आणि लावलेली बाटली बरेचदा ग्लुकोजची असते. रोज पिणाऱ्याच्या बाबतीत इथे मोठा धोका आहे. मेंदूला ग्लुकोज जाळून ऊर्जा करायला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास, दोन-तीन आठवडे पुरेल इतका. पिणारा जेवत कमी असतो आणि दारूमुळे आतडं थायमिन नीट शोषतही नाही. साठा तळाला गेलेला असताना ग्लुकोज ओतलं की उरलंसुरलं थायमिन त्यात खर्ची पडतं आणि वेर्निके एन्सेफलोपथी हा मेंदूचा आजार उद्भवू किंवा बळावू शकतो. डोळ्यांची बुबुळं थरथरतात किंवा बाजूला वळत नाहीत, चाल फाकते, गोंधळ वाढतो. तिन्ही खुणा एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात, त्यामुळे ‘अजून दारू उतरली नाही’ म्हणून दुर्लक्ष होतं. वेळ गेली तर नव्या आठवणी बनणं कायमचं थांबू शकतं. मग माणूस सकाळी जेवलो की नाही हे विसरतो आणि रिकामी जागा मनाने रचलेल्या गोष्टींनी भरतो. याला कोर्साकॉफ म्हणतात.

म्हणून थायमिन आधी, किंवा निदान ग्लुकोजच्या सोबत. आणि गोळीने नाही, इंजेक्शनने: तोंडावाटे मोठा डोस दिला तरी एका वेळी काही मोजकेच मिलिग्रॅम शोषले जातात, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीवर इथे भागत नाही. वेर्निकेची शंका असेल तर शिरेतून ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, निदान दोन-तीन दिवस देतात. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन नीट काम करत नाही, तेही भरून काढावं लागतं. एक खुलासा हवाच: साखर खरोखर खाली गेली असेल तर थायमिनची वाट बघत ग्लुकोज अडवायचं नसतं, दोन्ही एकदम द्यायचं.

दुसऱ्याच कारणाने दवाखान्यात भरती झालेल्या माणसाच्या बाबतीतही हेच सगळं नकळत घडतं. पाय मोडला, ऑपरेशन छान झालं, आणि तिसऱ्या रात्री रुग्ण सलाईन उपटून ‘मला कामावर जायचंय’ म्हणत पलंगावरून उतरतो. घरच्यांनी लाजेपोटी पिणं लपवलेलं असतं. तीन गोष्टी भरती करतानाच सांगून टाका: शेवटची केव्हा घेतली (तासासकट), रोज किती घेतात, पूर्वी सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता का. भूल देणाऱ्या डॉक्टरलाही हे माहीत असणं फार गरजेचं आहे. नर्सच्या कानात सांगितलंत तरी चालेल, पण सांगा.

आठवडा सुखरूप गेला की कंप थांबतो, पण मेंदू पूर्वपदावर आलेला नसतो. झोप महिनोन् महिने तुटक राहते, स्वप्नं फार पडतात, दुपारी चारला उगाच बेचैनी येते. माणूस पुन्हा प्यायला लागतो त्यात या न येणाऱ्या झोपेचा हात मोठा असतो, म्हणून घरच्यांनी ही तक्रार नखरे समजू नये. ग्लुटामेटचा तोल सावरायला अ‍ॅकॅम्प्रोसेट वापरतात, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. ती किडनीवाटे जाते, त्यामुळे लिव्हर दुखावलेल्यांना चालते, किडनी खराब असलेल्यांना नाही. नॅल्ट्रेक्सोन रोज ५० मिलिग्रॅम. हे एंडॉर्फिनचा मार्ग अडवतं, त्यामुळे घेतली तरी पूर्वीची मजा येत नाही आणि ओढ घटते. ट्रामाडॉलसारखी अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर ते देता येत नाही. जोडीला समुपदेशन आणि गट लागतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हे काम करतं, एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) च्या सभा तालुक्याच्या गावांतही भरतात, आणि १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं.

डायसल्फिरामबद्दल मात्र कळकळीने सांगायचं आहे. ‘त्याला कळू न देता भाजीत मिसळा’ म्हणून ही गोळी कुटून दिली जाते, आणि ‘दारू सोडवण्याची पावडर’ म्हणून काय काय विकलं जातं त्याला तर धरबंधच नाही. डायसल्फिराम मेंदूवर ओढ कमी करण्याचं काम करत नाही. दारूपासून तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड पुढे मोडू न देता ती ते रक्तात साचवते. मग प्यायल्यावर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं, कमकुवत हृदय बंदही पडू शकतं. ज्याला गोळीची कल्पनाच नाही तो नेहमीची क्वार्टर लावणार, आणि छातीत कळ आल्यावर कशामुळे हे डॉक्टरलाही सांगू शकणार नाही. ही गोळी रुग्णाच्या माहितीने आणि संमतीनेच, शेवटच्या पिण्यानंतर निदान १२ तास, शक्यतो पूर्ण दिवस गेल्यावर सुरू करायची. आणि बंद केल्यावरही तिचा परिणाम १४ दिवसांपर्यंत राहू शकतो, म्हणून तेवढे दिवस दारूच काय, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही टाळायचं.